सिग्नल पुसलेलं फडकं

फडकेराव हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. खांद्यावरच्या झोळीतून कायम एक सुती फडकं डोकवायचं, म्हणून ते फडकेराव. चहाला बसले की आधी पेला पुसणार, मग टेबल पुसणार आणि मग समोरच्याच्या नाकावरचा चष्माच काढून घेऊन तोही पुसून परत नाकावर ठेवणार. "अहो, डोळा फोडाल एखाद्या दिवशी!" असं लोक ओरडायचे. हे गृहस्थ मात्र काच उजेडात धरून बघत बसायचे आणि म्हणायचे, "आता जग कसं दिसतंय बघा."

काम होतं रेल्वेच्या सिग्नलांची देखभाल. खांबावर चढायचं, तारा बघायच्या, जोड बघायचे, काचेवरून फडकं फिरवायचं, उतरायचं आणि पुढच्या खांबाकडे चालू लागायचं. उभी हयात यात गेली. लग्नाचं तेवढं राहून गेलं. घरचं माणूस म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. आणि तिचा नवरा, दाजी. दाजी पॅसेंजर गाडीचे चालक होते, आणि मेहुण्याची टिंगल केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. "लोकांचे मेहुणे घरी गेलं की पाणी विचारतात," ते ताईला सांगायचे, "तुझा भाऊ मला बघितलं की लाल डोळे दाखवतो. भर रस्त्यात उभं करतो मला!"

"उभे राहता ना पण?" फडकेराव विचारायचे.

"न राहून करतो काय? बायकोचा भाऊ ना तू!"

इतकं सरळ होतं सगळं. एकाने दिवा लखलखीत ठेवायचा, दुसऱ्याने तो बघून थांबायचं.

ज्या सकाळी दाजी थांबले नाहीत, त्या सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. फाटकाच्या पुढे वळण होतं, वळणापुढे सिग्नल आणि त्याच्या शेजारी सिमेंट उतरवण्याचा नवा मार्ग. मालगाडी त्या मार्गावर वळत होती, पण तिचे मागचे डबे अजून मुख्य रुळांवरच होते. त्यामुळे तिच्या मागचा सिग्नल लाल होता, तसा तो असायलाच हवा होता. दाजींची पॅसेंजर तो लाल दिवा ओलांडून तशीच पुढे गेली आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर आदळली. इंजिनात चालक बसतो तो भाग उरलाच नाही. त्याच्या मागच्या डब्यातली माणसंही गेली. कुणी कामावर निघालं होतं, कुणी कामावरून परतत होतं.

फडकेरावांना फोन आला त्यांच्या इंजिनियर साहेबांचा. साहेबांना वरून फोन येत होते, वरच्यांना त्यांच्या वरून, आणि सगळ्यांना एकाच गोष्टीची घाई झाली होती. "तू जवळ आहेस ना? आधी चढून बघ, सिग्नल लाल आहे का. बाकीचं नंतर." गाडी कुणाची आहे हे फडकेरावांना ठाऊक होतं. ते त्या चेपलेल्या इंजिनाजवळून खाली मान घालून गेले, कारण एकदा वर बघितलं असतं तर पुढे पाऊल पडलंच नसतं. ते शिडीने वर चढले. दिवा पेटलेला होता. "लाल आहे, साहेब," त्यांनी फोनवर सांगितलं. मग खाली उतरले आणि खांबाला धरून बसले. चढल्यापासून उतरेपर्यंतचं बाकी काहीच त्यांना आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त लाल उजेड.

दुपारी सरकारच्या अपघात तपास मंडळाची माणसं आली. हे मंडळ रेल्वेचं नव्हे, वेगळं. रेल्वेने स्वतःच स्वतःची चूक शोधू नये म्हणून नेमलेलं. त्यांच्या प्रमुख एक मॅडम होत्या. पायात जाड बूट, उन्हाने रापलेला चेहरा आणि आवाज असा की समोरचा आपोआप हळू बोलायला लागे. त्यांनी आल्या आल्या इंजिनाकडे धाव घेतली नाही. उलट बरंच मागे जाऊन गाडी ज्या बाजूने आली त्या बाजूने त्या चालत आल्या. सिग्नलभोवती दोरी बांधायला लावली. "लोखंड कुठे पळून जात नाही," त्या आपल्या माणसांना सांगत होत्या. "जे लवकर नाहीसं होतं ते आधी बघा. ऊन, धूळ, आणि माणसांच्या आठवणी."

मग त्या फडकेरावांकडे आल्या. शेजारी बसल्या, पाण्याची बाटली पुढे केली आणि ते पाणी पिईपर्यंत थांबल्या.

"आम्ही येण्याआधी तुम्ही कशाला हात लावलात?"

"शिडीला."

"दिव्याला? काचेला?"

"नाही मॅडम. फक्त बघितलं."

"काच कशी होती?"

"स्वच्छ होती."

फडकेराव खोटं बोलले नव्हते. त्यांनी डोळे मिटले की लाल दिवा समोर येत होता, आणि त्याच्यावर धुळीचा कणही नव्हता. मॅडमनी ते लिहून घेतलं, त्यांची सही घेतली आणि उठता उठता म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. दोष कुणाचा, हे आम्ही ठरवत नाही. आम्ही फक्त कारण शोधतो." हे वाक्य फडकेरावांनी जपून घरी नेलं आणि ताईला सांगितलं. दुसरं सांगण्यासारखं काही त्यांच्याजवळ नव्हतंच.

ताईला तिच्या घरात राहवेना. खिडकीखालून जाणारी माणसं आवाज खाली करायची, तेही तिला ऐकू यायचं. ती भावाकडे राहायला आली. मॅडमना कारण शोधायला कित्येक महिने लागणार होते, पेपरवाल्यांना एक रात्र पुरली. चालक फोनवर बोलत असणार. झोपला असणार. घेतलेली असणार. ज्यांनी दाजींना कधी बघितलं नव्हतं त्यांनाही सगळं माहीत होतं.

ताई यावर बोलायची नाही. ती धुवायची. आल्या दिवसापासून तिने त्या घरातलं दिसेल ते कापड मोरीत नेलं. पडदे धुतले, चादरी धुतल्या, भावाचे तेलकट कपडे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. हातांना काहीतरी लागायचं तिला. फडकेरावही तिला थांबवायचे नाहीत. उलट सुट्टी संपून कामावर जाऊ लागल्यावर झोळीतलं फडकं रोज पांढरंशुभ्र सापडू लागलं, तेव्हा त्यांना मनातून बरंच वाटलं. बहिणीची तेवढीच माया.

मॅडम अधूनमधून स्वतः घरी यायच्या. जे निष्पन्न होईल ते घरच्यांना आधी कळलं पाहिजे, मग बाहेर, असा त्यांचा नियम होता आणि तो त्या पाळायच्या. दाजींचा फोन पिशवीत बंद सापडला. रक्तात काही आढळलं नाही. आदल्या दिवशी त्यांनी पुरेशी विश्रांती घेतली होती. ब्रेक ठीक होते. अशी प्रत्येक गोष्ट कळली की ताईच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा. "बघितलंस? म्हटलं होतं ना मी?" पण फडकेरावांना आतून धडकी भरायची. एकेक दार बंद होत चाललं होतं आणि दाजी आत एकटे उरत होते. फोन नाही, दारू नाही, झोप नाही. मग लाल दिवा डोळ्यांसमोर असताना माणूस पुढे जातोच कसा? इंजिनातल्या नोंदयंत्रात तर सिग्नलआधी ब्रेकला हात लागल्याची खूणच नव्हती. मालगाडीचा शेवटचा डबा समोर आल्यावर दाजींनी ब्रेक दाबला होता.

"त्यांना तो दिसलाच नाही," ताई भावाला म्हणायची. "बापू, तू काहीही सांग. दिसला असता तर ते थांबले असते."

हेच तपासायला मॅडमनी तसंच इंजिन मागवलं, त्याच वेळेला, त्याच वेगाने वळणावरून आणलं. पहिल्यांदा आभाळ आलेलं होतं म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. त्या दिवशी ऊन होतं, मग ऊनच पाहिजे. इंजिनियर साहेब कुरकुरले, पण बाईंपुढे कुणाचं काही चालत नव्हतं. उन्हाच्या दिवशी फडकेराव खांबाखाली उभे राहिले. इंजिन वळणावरून आलं आणि चांगलं लांबवर थांबलं. मॅडम खाली उतरून चालत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. लाल दिवा दिसत होता. ऊन तोंडावर असूनही दिसत होता.

"काच स्वच्छ असेल तर दिसतो," मॅडम म्हणाल्या. मग वर बघत राहिल्या. "त्या दिवशी दिव्यावरच्या टोपीवर सिमेंटची धूळ होती, काचेवर नव्हती. पुढच्या सिग्नलवर दोन्हीकडे होती, पण पातळ." त्यांनी फडकेरावांकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात, स्वच्छ होती."

"होती, मॅडम."

नव्या मार्गावर सिमेंट उतरू लागल्यापासून तिथे सगळ्यावर राखाडी पूड बसायची, आणि पहाटेच्या दवात ती पूड ओली होऊन लिंपल्यासारखी चिकटायची. फडकेरावांनी साहेबांना सांगितलंही होतं. त्या खांबावर चढायचं तर गाड्या थोडा वेळ थांबवाव्या लागायच्या, आणि गाड्या थांबवायला कुणी तयार नव्हतं. "पुढच्या आठवड्यात बघू," असं चाललं होतं. हे सगळं त्यांनी मॅडमना सांगितलं आणि मॅडमनी लिहूनही घेतलं. पण त्या सकाळी काच स्वच्छ होती. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं नाकारायचं कसं?

पुढे एका सकाळी फडकेराव फाटकाजवळचा सिग्नल बघायला गेले. जोडात बिघाड होता, तो चटकन सापडेना, डोकं सगळं त्यातच होतं. काम उरकून खाली उतरले तर फाटकवाला हसत होता.

"फडकेराव, गिरणीतून आलात काय? हात बघा जरा."

त्यांनी हात बघितला. हातात फडकं होतं. सकाळी झोळीत ठेवलेलं पांढरंशुभ्र फडकं सिमेंटने राखाडी झालं होतं. त्यांनी वर बघितलं. काच चकाकत होती.

"मी पुसली ही?"

"मग काय मी पुसली?" फाटकवाल्याला मजा वाटली. "चढलात की पहिलं तेच करता तुम्ही. आधी फडकं, मग बाकीचं. आज काय नवीन आहे?"

फडकेराव खाली बसले. त्यांना आठवत नव्हतं. झोळीत हात घातलेला आठवत नव्हता, फडकं काढलेलं आठवत नव्हतं, काच पुसलेली आठवत नव्हती. आठवत होता तो बिघडलेला जोड. आणि मग त्यांना ती दुसरी सकाळ दिसली. खाली दाजींचं इंजिन, वर शिडी, आणि आपण. मन ठिकाणावर नव्हतं, पण हात ठिकाणावर होता. उभ्या हयातीत शिकलेलं काम हाताने न विचारता केलं होतं. डोळ्यांनी काच बघितली ती त्यानंतर.

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "फडकं कुठे आहे?"

"कुठलं?"

"त्या दिवशीचं. ज्याने पुसलंत ते."

"झोळीत होतं... घरी असेल. त्या दिवसानंतर मी सुट्टीवर गेलो, झोळी घरीच होती."

मॅडमच्या आवाजात पहिल्यांदाच घाई आली. "त्याला हात लावू नका. झटकू नका, घडी करू नका. मी माणूस पाठवते. फडक्यात किती सिमेंट आहे त्यावरून काचेवर केवढा थर होता ते काढता येतं. थर जाड निघाला तर त्यांना सिग्नल दिसला नसणार, हे मी लिहू शकते. लिहीन."

फडकेराव घराकडे पळत सुटले. वाटेत त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांना धारा लागल्या. आपण मूर्खपणा केला, मान्य. नोकरी गेली तर जाऊ दे. पण दाजी सुटले. ताई सुटली. आता ती खिडकी उघडी ठेवून बसेल, आणि खालून जाणाऱ्यांना काय बोलायचं ते बोलू दे.

खांद्यावरची झोळी त्यांनी अलगद खुंटीला अडकवली. ती त्यांनी न हलवता, दोन बोटांनी उघडली. आत फडकं नव्हतंच. आजचं तर त्यांच्या हातात होतं.

"ताई," त्यांनी हाक मारली. "माझी फडकी कुठे असतात?"

"कपाटात. वरच्या फळीवर. का रे?"

फळीवर फडक्यांची चळत होती. सगळी सारखी, सगळी पांढरी, घडी घातलेली. त्यांनी एकेक उलगडून बघितलं. ताई ओले हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली.

"तू आलीस तेव्हा... झोळीत एक होतं. मळकं."

"मळकं?" ताई म्हणाली. "मळकं कसलं, नुसता सिमेंटचा गोळा! आल्या दिवशीच धुतलं मी ते. धोपटून धोपटून हात दुखले. सगळी पूड मोरीत उतरून बसली, पाणी जाईना. सळई घालावी लागली मला." कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जरासा तोरा होता, स्वतःच्या हातच्या कामाचा. "पण निघालं बघ. आता ओळखूसुद्धा येत नाही, कुठलं ते."

खरंच येत नव्हतं.

"काय झालं? पाहिजे होतं का ते?"

फडकेरावांनी बहिणीकडे बघितलं. पाण्याने सुरकुतलेली तिची बोटं पदरात गुंडाळलेली होती. याच हातांनी तिने त्यांना न्हाऊ घातलं होतं, शाळेत सोडलं होतं. आणि याच हातांनी, नवऱ्याच्या बाजूने बोलू शकणारी एकुलती एक वस्तू तिने धोपटून, पिळून, मोरीतून सोडून दिली होती. नवऱ्याला जाऊन चार दिवसही झाले नव्हते तेव्हा, आणि हातांना काहीतरी लागत होतं म्हणून.

"नाही गं," ते म्हणाले. "असंच."

मग ते बाहेर गेले आणि माणूस यायच्या आत मॅडमना फोन केला. फडकं घरी नाही. आत्ता आठवलं. खाली उतरल्यावर तिथेच कुठेतरी फेकलं. मॅडमनी विचारलं, "नीट आठवतंय?" "हो." "बरं. उद्या सकाळी तिथे या. शोधू."

आणि त्यांनी खरंच शोधलं. असं तपासाचं काम करणारी माणसं जगात आहेत हे बघून एरवी फडकेरावांचा ऊर भरून आला असता. हातमोजे घातलेली माणसं रुळांच्या दोन्ही बाजूंनी वाकून, झुडपं बाजूला करत, खडी उचलून बघत होती, आणि जे कापड घरी फळीवर घडी घालून ठेवलेलं होतं ते शोधायला फडकेरावही त्यांच्यात वाकले. चिंध्या सापडल्या, कुणाचा तरी मोजा सापडला. मॅडमनी एकेक चिंधी पिशवीत घालून घेतली. शेवटी त्या फडकेरावांपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आधी म्हणालात, हात लावला नाही. मग म्हणालात, पुसली. मग फडकं घरी. मग फेकलं." त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागत होतं. "गेलेला माणूस तुमचा दाजी. मी तुमच्यावर विश्वास ठेवते, फडकेराव. पण माझा विश्वास अहवालात लिहिता येत नाही."

फडकेरावांच्या ओठावर आलं होतं. बहिणीने धुतलं. पण त्याने काय झालं असतं? मेलेल्याच्या मेहुण्याने सांगितलेलं मेलेल्याच्या बायकोने खरं म्हटलं असतं, आणि वाचणाऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं असतं. दाजी सुटले नसतेच. ताई मात्र अडकली असती, जन्मभर. फडकेरावांनी खाली मान घातली. निदान एक माणूस तरी वाचवायचा होता त्यांना.

अहवाल प्रसिद्ध व्हायच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्या घरच्यांना बोलावलं. एक मोठी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. ताई मागच्या रांगेत बसली. त्या डब्यात गेलेल्यांची माणसं पुढे होती. एका म्हातारबुवांनी मागे वळून ताईकडे बघितलं, ते बराच वेळ. ताईने नजर चुकवली नाही.

मॅडम वाचत होत्या, आणि न समजेल ते थांबून सोपं करून सांगत होत्या. गाडीने लाल सिग्नल ओलांडला. चालकाचं लक्ष दुसरीकडे होतं याचा पुरावा मिळाला नाही. सिग्नल दिसत नव्हता याचाही पुरावा मिळाला नाही. सिमेंटच्या धुळीचा बंदोबस्त करावा आणि काचा पुसायला गाड्या थांबवून वेळ द्यावा, अशी शिफारस मंडळ करत आहे. शिफारस, म्हणजे रेल्वेला वाटलं तर.

फडकेराव जमिनीकडे बघत होते. आता ते वाक्य येणार होतं.

"सिग्नलच्या देखभाल कर्मचाऱ्याने प्रथम काच स्वच्छ असल्याचं सांगितलं. नंतर, आपण ती अपघातानंतर नकळत पुसली आणि तिच्यावर सिमेंटचा थर असावा, असं सांगितलं. ज्या फडक्याने पुसली ते त्याच जागी फेकून दिल्याचं त्याने सांगितलं. शोध घेऊनही ते फडकं सापडलं नाही."

फडकेरावांनी मान वळवली नाही. त्यांना फक्त शेजारी बसलेल्या ताईच्या मांडीवरचे हात दिसत होते. ते हात उलटे झाले, तळवे वर आले, आणि ताई आपल्याच तळव्यांकडे बघत राहिली.

"कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या रांगेतून प्रश्न आले, रडणं आलं, शिव्याही आल्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग ताई उठून उभी राहिली. चालकाची बायको उभी राहिली म्हणताना पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या.

"ते फडकं सापडलं असतं तर?" तिने विचारलं.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "तर आम्हाला सांगता आलं असतं, त्यांना सिग्नल दिसला की नाही ते."

ताईने एकदा भावाकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. तो असता तर फडकेरावांनी आनंदाने झेलला असता. आता ही सगळ्यांसमोर सांगणार, असं त्यांना वाटलं, आणि सांगितलं तर बरंच होईल असंही वाटलं.

"बरं," ताई म्हणाली, आणि खाली बसली.

घरी येताना पायात येणारा दगड तेवढा तिने वाटेत बाजूला सारला. घरात शिरल्यावर फडकेरावांनी पाणी भरून आणलं, ते तिने घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"बापू, फेकलंस म्हणालास ना?"

"हो, ताई."

"कुठे?"

"रुळांत. आठवत नाही नक्की."

"असं होय," ती म्हणाली. तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला, लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर फिरवायची तसा, आणि आत गेली.

थोड्या वेळाने मोरीतून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. फडकेराव दाराशी गेले. ताई फरशीवर बसली होती. पुढ्यात कोरडी वाटी होती, हातात जुना चमचा, आणि ती मोरीच्या जाळीच्या कडेला साचलेलं काहीतरी राखाडी, दगडासारखं घट्ट झालेलं, टोकरून काढत होती. निघत होतं ते नखाएवढं. तेवढं ती वाटीत टाकत होती.

"काय करतेस, ताई?"

"तुंबलीय," ती म्हणाली. तिने वर बघितलं नाही.

मोरी तुंबलेली नव्हती. पाणी जात होतं, नीट जात होतं. फडकेराव तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि त्यांनी झोळीतून पेचकस काढला.